अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

त्या दुपारी माझे वडील काहीही विसरले नव्हते. मला ते तेव्हाच, तिथल्या तिथे माहीत होतं. आजपर्यंत हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलुंडच्या ताईला नाही, आणि बाबांना तर नाहीच. बाबांना सांगण्यासारखं त्यात काही नाही म्हणा. त्यांना माहीत आहे.

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: समुद्रात पुन्हा वादळ तयार होतंय, ग्रिलमधल्या कुंड्या आत घ्या, गच्चीवर सुटं काही ठेवू नका. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. बायकोने, वैशालीने, चिवड्याचे पोहे गॅलरीत उन्हाला पसरले होते. ते चादरीसकट उचलताना ती म्हणाली, “दिवाळीच्या तोंडावरच बरं सुचतं याला!” जणू वादळ म्हणजे कुणी नको तेव्हा टपकणारा पाहुणा. मी कुंड्या आत घ्यायला लागलो. तुळस, कढीपत्ता, कधीच न फुललेला मोगरा. लादीवर ओल्या मातीची गोल कडी उमटत गेली. ग्रिलजवळच्या खुर्चीत बाबा बसले होते. त्यांनी पाय वर घेऊन मला वाट करून दिली आणि पुन्हा आभाळाकडे बघत राहिले. हल्ली ते फारसं बोलत नाहीत.

‘हल्ली’ हा शब्द लिहिताना माझा हात अडतो. का, ते सांगण्यासाठीच बसलोय.

आम्ही दिंडोशीच्या टेकडीवर राहतो. खाली गोरेगावात वारा नसला तरी आमच्याकडे पडदे हलत असतात. पण दसऱ्यानंतरचे काही दिवस असे येतात, की पानसुद्धा हलत नाही. आकाश पांढरं पडतं. टेकडीवरचं गवत पिवळं होऊन त्याला भाजल्यासारखा वास येतो. घरोघरी भाजणी दळून आणलेली असते, तिचा वास जिन्यात साचून राहतो. अंगाला घाम, गळ्याला शोष. पाऊस गेला म्हणून छत्र्या माळ्यावर टाकलेल्या असतात, गच्चीवरच्या ताडपत्र्या सोडलेल्या असतात, आणि माणसं जरा बेसावध झालेली असतात. अशा दिवसांत आलेलं वादळ म्हणूनच वाईट. जूनच्या पावसाला माणूस कंबर कसून तयार असतो. ऑक्टोबरात त्याच्या हातात झारा असतो.

चार-पाच वर्षांपूर्वी असंच झालं होतं. तेव्हा मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मी कमी बोलणारा माणूस. पण काम नेमकं करतो असं लोक म्हणत, आणि ते ऐकायला मला आवडायचं. वादळाची बातमी आल्यावर मी दोन दिवस त्याच नादात होतो. गच्चीवरचे पत्रे तारेने आवळून घेतले. टाकीच्या झाकणांवर विटा ठेवायला लावल्या. पोरांनी बांबूचा मोठा आकाशकंदील करून गच्चीच्या कठड्याला टांगला होता, तो उतरवला, त्यावर त्यांनी मला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल ते असो. लिफ्ट बंद ठेवायची कधी, मोटर चालवायची कधी, सगळं मी ग्रुपवर टाकत होतो. चेअरमन पाटणकर आल्यागेल्याला सांगत होते, “आपल्याला काय चिंता? परब आहेत ना!”

बाबांची तयारी वेगळी चालली होती. ते सकाळपासून गावी फोन लावत होते. आमचं गाव मालवणच्या बाजूला. दिवस भातकापणीचे. चुलतभावाचं कापलेलं भात मळ्यात पडलेलं, उचलायला माणसं नाहीत. फोन मधेच तुटायचा, बाबा पुन्हा लावायचे. मोठ्याने बोलायचे, कारण गिरणीत उभा जन्म काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. मशीनच्या वरून बोलायची सवय घशाला लागलेली असते. दुपारी जेवणं झाली आणि ते स्वयंपाकघरातून नारळ घेऊन बाहेर आले.

“बाबा, तो करंज्यांना ठेवलाय हो!” वैशाली म्हणाली.

“करंजे उद्या करा. आज तेका दुसरा काम आसा.”

ती हसली. मलाही तेव्हा हसू आलं. नारळाचं काम काय ते आम्हा दोघांना कळलं होतं.

गाऱ्हाणं ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना थोडं सांगायला हवं. आमच्याकडे काही करायचं असलं, काही अडलं असलं, की घरातला किंवा गावातला मोठा माणूस नारळ हातात घेऊन देवापुढे उभा राहतो आणि सरळ बोलायला लागतो. संस्कृत नाही, मंत्र नाही. आपण शेजाऱ्याला अडचण सांगतो तसं. पोराचं लग्न जमू दे, आजारी आहे त्याला उठव, चुकलंमाकलं पोटात घाल. दर वाक्याच्या शेवटी तो ‘म्हाराजा’ म्हणतो, आणि मागे उभे असलेले सगळे एका आवाजात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” मग पुढचं वाक्य.

लहानपणी आम्ही परळला एका खोलीत राहायचो. गणपतीत बाबा गाऱ्हाणं घालायचे तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. बाबांचा आवाज त्या वेळी बदलायचा. मोठाच असायचा, पण त्यात मागणाऱ्याचा वाकलेपणा यायचा, आणि मागताना लाज नसायची. मी त्यांच्या कमरेला लागून उभा. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या वरच्या पट्टीत माझा ‘व्हय म्हाराजा’ जायचा. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. “परबांचो झील देवाक जागो करता,” असं एक म्हातारी म्हणायची. बाबा मागे वळून बघायचे नाहीत, पण त्यांचा मोकळा हात माझ्या डोक्यावर यायचा.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, “तुम्ही एकटेच का नाही म्हणत सगळं? आम्ही मधे मधे कशाला?”

“एकट्यान घातला तर ता गाऱ्हाणा न्हय रे, ती बडबड,” ते म्हणाले. “देवाक कळाक व्हया, हेच्या पाठी माणसा आसत. पाठसून व्हय येयसर पुढचा तोंडातसून काढूचा नाय.”

मागून हो आल्याशिवाय पुढचं तोंडातून काढायचं नाही. हा नियम मला तेव्हापासून पाठ आहे. विसरलो असतो तर निदान एक सबब राहिली असती.

त्या दुपारी जेवणाची ताटं घासायची होती तोवर वीज गेली. आधी पक्षी गेले. टेकडीवरच्या घारी, कावळे, कुठेच काही नाही. मग समुद्राच्या बाजूने, म्हणजे आमच्याकडून मालाडच्या इमारतींच्या पलीकडून, आकाश खालून वर काळं होत आलं आणि वारा आला. पावसाळ्यातला वारा झोतांनी येतो, थांबतो, पुन्हा येतो. हा थांबतच नव्हता. पाऊस आडवा होता. खिडकीच्या फटीतून पाणी आत येताना शिट्टी वाजत होती. टॉवेल, चादरी, जुन्या साड्या, सगळं फटींत कोंबून झालं. गच्चीवर मी बांधलेले पत्रे थडथड वाजत होते, आणि दर थडथडीला मी मनात तारेचे वेढे मोजत होतो. चौथ्या मजल्यावर जिन्याची मोठी काच फुटली तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं: सगळ्यांनी खाली लॉबीत या.

लॉबीत बॅटरीचा एक दिवा होता. कोण थर्मास घेऊन आलं, कोण सतरंजी. शेजारच्या मानेवहिनी चकलीचा डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “खाऊन घ्या, वाहून गेल्या तर कष्ट फुकट जायचे.” भीती होती, पण माणसं एकत्र आली की भीतीची सहल होते. कुणी पाटणकरांना त्यांच्या नव्या गाडीवरून छेडत होतं. ती गुलमोहराखाली उभी होती. “साहेब, सावली बघून पार्क केलीत ना? आता भोगा.” मी मोबाईलवर नकाशा उघडून बसलो होतो. समुद्रावरचा लाल-हिरवा भोवरा कुठवर आला ते मी सांगायचो आणि सगळे ऐकायचे. आयुष्यात इतक्या माणसांनी माझं इतकं लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात बाबा जिना उतरून आले. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात नारळ. मागे वैशाली. ते सरळ लोखंडी दरवाज्यापाशी गेले, बाहेरच्या पावसाकडे तोंड करून उभे राहिले, आणि डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा!”

त्यांचा तो आवाज ऐकून लॉबीत एकदम शांतता झाली. मग मागून दुसऱ्या मजल्यावरच्या रोहनने नाटकी हेल काढून ओरडून म्हटलं, “व्हय म्हाराजा!”

हशा पिकला. गाऱ्हाण्याच्या नकला आता मोबाईलवर फिरतात, वाढदिवसाला करतात, ऑफिसच्या पार्टीत करतात. पोरांना ते गमतीचंच वाटणार. बाबांनी मनावर घेतलं नाही. हो आलं होतं ना, मग झालं.

“आज ह्या जा काय वादळ तुझ्या दर्यातसून उठला हा, ता इल्या वाटेन मागे फिरव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” या वेळी पाच-सहा आवाज, आणि त्याहून जास्त हसू. रोहनचा मोबाईल वर झाला. बाबांनी डोळे उघडले. आता त्यांना हसू ऐकू आलं होतं. तरी ते पुढे बोलले.

“तेच्या वाटेत जी काय लेकरा-बाळा, गुरा-ढोरा, माड-पोफळी आसत, तेंका सांभाळ रे म्हाराजा!”

“शूऽऽ! गप्प बसा रे!” पाटणकर पोरांवर डाफरले. “वडीलधाऱ्यांची चेष्टा करता?”

आणि सगळे गप्प झाले. चांगल्या मनाने, आदराने, सगळी लॉबी गप्प झाली. कुणीच ‘व्हय’ म्हटलं नाही.

बाबा थांबले. पावसाचा आवाज, पत्र्यांचा आवाज. ते वाट बघत होते. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी मोबाईलमध्ये पाहिलं.

नेट केव्हाच गेलं होतं. भोवरा एकाच जागी गोठला होता. मी तो दोन बोटांनी मोठा करत राहिलो. मला लाज वाटत होती. दोन दिवस मी तारा, विटा, मोटर, नकाशा अशी शहाण्या माणसाची तयारी केली होती, आणि माझा बाप लुंगी नेसून, नारळ घेऊन, त्या सगळ्यांसमोर वाऱ्याशी बोलत होता. मी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं असतं तर मी सेक्रेटरी परब राहिलो नसतो, त्यांच्या कमरेला लागून उभा असलेला पोरगा झालो असतो. रोहनच्या मोबाईलमध्ये दोघे एकत्र आलो असतो. दोन शब्द होते. घशापर्यंत आलेही होते.

मानेवहिनी हळूच म्हणाल्या, “विसरले वाटतं बिचारे पुढचं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हणालो, “हो, हल्ली होतं त्यांचं असं.”

हल्ली काही होत नव्हतं. बाबांना परळच्या चाळीतल्या प्रत्येक खोलीतली माणसं नावानिशी आठवत होती. मी ते वाक्य का बोललो? कारण त्याने सगळं पटकन मिटलं. हसणाऱ्यांचं हसू दयेत बदललं, मोबाईल खाली आला, मानेवहिनींनी च्‌च्‌ केलं. लोकांच्या नजरेत मी गाऱ्हाण्यावर विश्वास ठेवणारा मुलगा ठरलो नाही. म्हाताऱ्या बापाला सांभाळणारा मुलगा ठरलो. बाबांनी ते वाक्य ऐकलं. दिवा लहान होता, पण मला त्यांचा चेहरा दिसला. ते रागावले नाहीत. परक्या घरात चुकून शिरलेला माणूस बघतो तसे त्यांनी सभोवार पाहिलं आणि वैशालीला म्हणाले, “चल गो, वर जावया.”

वादळ शहराच्या बाजूने निघून गेलं. दुसऱ्या दिवशी इतकं निळं आकाश पडलं, की आदल्या दिवसाची शंका यावी. गुलमोहर पाटणकरांच्या गाडीवर आडवा झाला होता आणि पोरं त्यांच्या समोरच फोटो काढत होती. माझा एकही पत्रा हलला नव्हता. लोकांनी माझं कौतुक केलं. गावाकडचं भात गेलं, तो फोन संध्याकाळी आला. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग खिडकीशी उभे राहून, माझ्याकडे न बघता म्हणाले, “अर्धा ऱ्हवला रे.”

मी ऐकू न आल्यासारखं केलं. विचारलं, “चहा घेणार?”

पुढचं सगळं मायेने झालं, हेच त्यात वाईट. वैशालीने लॉबीतलं ते वाक्य मनाला लावून घेतलं होतं. तिने आधी गॅसजवळ त्यांना एकटं सोडणं बंद केलं. मग किल्ली काढून घेतली, “बाबा, मी आहे ना घरात, तुम्हाला कशाला हवी?” मग भाजी आणायला जाणं बंद. शर्टाच्या खिशात पत्ता लिहिलेलं कार्ड. ताईला फोनवर सांगितलं, ताई रडली, आणि त्यानंतर दर फोनला ती त्यांना विचारायची, “बाबा, मी कोण सांगा?” पहिल्यांदा ते हसले. “गे, मीच तुझा नाव ठेवलंय.” नंतर नुसतं “हां हां” म्हणायला लागले. आम्ही त्यांना डॉक्टरकडेही नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. बाबांनी सगळं बरोबर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. रिक्षात वैशाली म्हणाली, “लोकांसमोर नीट बोलतात हो ते.” मी रस्त्याकडे बघत बसलो. मी तिला तेव्हा सांगू शकलो असतो. अंधेरीपासून दिंडोशीपर्यंत रिक्षा सिग्नलला थांबत थांबत आली, वेळ भरपूर होता.

पुढच्या गणपतीत मी नारळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो परत माझ्या हातात ठेवला. “तुमीच घाला,” म्हणाले. ‘तू’ नाही म्हणाले. आम्ही आरती केली आणि जेवायला बसलो.

एखाद्याला विसराळू म्हणत राहिलं, की तो आठवलेलं सांगायचंही सोडतो. आज बाबा खरंच काही विसरतात की नाही, मला ठामपणे सांगता येणार नाही. कधी कधी औषध घेतलं का ते त्यांना आठवत नाही. ते वयाने झालं, की माझ्या वाक्याने झालं, हे आता कुठला डॉक्टर सांगणार?

तो नारळ मात्र अजून आमच्या देव्हाऱ्यात आहे. त्या दिवाळीत वैशालीने विचारलं होतं, वापरू का. “नको. तेचा काम जावक नाय,” बाबा म्हणाले होते. त्याचं काम झालेलं नाही. तिने ते वयाचं खूळ समजून मान डोलावली, आणि पूजा करताना रोज त्याच्यावरची धूळ पुसत आली.

आज दुपारी वैशाली खालच्या मजल्यावर चकलीचा सोऱ्या आणायला गेली. वारा सुटला होता. अजून वादळ म्हणावं असा नव्हता. कुंड्या आत आल्यामुळे खोली लहान वाटत होती. मी देव्हाऱ्यातून नारळ काढला. हलवला तर आत खुळखुळ वाजलं. पाणी आटून खोबरं सुटलं होतं. बाबांनी त्या आवाजाला मान वळवली.

“गोटो झालो,” ते म्हणाले.

मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसलो. “बाबा, गाऱ्हाणं घालायचं?”

त्यांनी आधी नारळाकडे आणि नंतर माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, प्रश्न पोचला नाही. मग म्हणाले, “व्हय म्हणतलो कोण?”

“मी म्हणेन.”

“हय?” त्यांनी खोलीभर नजर फिरवली. तुळस, कढीपत्ता, बंद दार. “जा चार माणसांत अर्धा ऱ्हवला, ता बंद दारात पुरा व्हयत नाय रे.”

मग त्यांनी नारळ माझ्या हातातून घेतला, कानाशी नेऊन एकदा हलवला, आणि मांडीवर ठेवून पुन्हा आभाळाकडे बघायला लागले. चार-पाच वर्षांपूर्वीची दुपार त्या माणसाला आठवत होती, जागेसकट आणि माणसांसकट. त्या दिवाळीनंतर मी विचारेपर्यंत त्यांनी ती एकदाही काढली नव्हती.

मी आता सेक्रेटरी नाही. रोहनचं लग्न झालं, त्याला मुलगी आहे, तो बाबांना वाकून नमस्कार करतो. मानेवहिनी अजून त्यांच्यासाठी मऊ चकल्या वेगळ्या काढून ठेवतात, आणि वर माझ्याकडे बघून हळूच विचारतात, “ओळखतात ना?” या सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांची काही चूक नाही. हे सगळं लिहिणं मला जमलं, कारण लिहिताना समोर कुणी नसतं.

ग्रुपवर आत्ताच मेसेज आला आहे: जोर वाढला तर सगळ्यांनी लॉबीत जमावं. जोर वाढो न वाढो, माझं देणं त्या लॉबीतच आहे. आधी एक वाक्य, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं: त्या दिवशी बाबा विसरले नव्हते, ते माझी वाट बघत होते. आणि त्यानंतर, त्यांनी घातलं तर, त्यांच्या मागे उभं राहून एक ‘व्हय म्हाराजा’.